जीपच्या नाकातलं प्राणवस्त्र

शनिवारी सकाळचे नऊही वाजले नव्हते, तोवर रामनगरच्या अलीकडच्या वळणावर, वाटदेवाच्या पारापाशी सतरा गाड्या ओळीनं लागल्या होत्या. टेम्पो होते, जुन्या जीपा होत्या, वऱ्हाड नेणारी एक मेटाडोर होती. सगळ्यांना एकच रोग: धूर. पारापासून हाकेच्या अंतरावर धूर तपासणीची पांढरी व्हॅन उभी असते. तिथं नापास झालेली गाडी तशीच वळवून पाराकडं आणायची, असा दोन वर्षांत रिवाजच पडला होता. रोग मशीननं सांगायचा आणि औषध लाडूअप्पानं द्यायचं.

लाडूअप्पा पारावर उभा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेशेजारी बेरिंगच्या गोळ्यांची माळ. दुसरा कोणी गळ्यात बेरिंग घालून फिरला असता तर लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं. ह्याच्या पायावर डोकी टेकत होती.

"इंजिन म्हंजे काय?" अप्पानं विचारलं.

"आत्मा," गर्दी म्हणाली.

"डिझेल म्हंजे?"

"कर्म."

"आन धूर?"

"पाप."

आपल्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते ज्यांना आठवत नव्हतं, त्यांना हे तोंडपाठ होतं.

मग चमत्कार सुरू व्हायचा. अप्पा गाडीच्या सायलेन्सरला पांढरं धोतर बांधायचा आणि ड्रायव्हरला अॅक्सिलरेटरवर पाय दाबायला सांगायचा. धोतर काळंकुट्ट. ते गर्दीला फिरवून दाखवायचं. मग दोन चेले बॉनेटभोवती भगवी शाल धरायचे, अप्पा आत शिरायचा, घंटा वाजायची, आणि मुठीत काहीतरी दाबून तो बाहेर यायचा. मूठ थेट पारावरच्या होमात. मग ड्रायव्हरनं एकट्यानं गाडी घाटाच्या चौथ्या वळणापर्यंत न्यायची आणि परत आणायची. खालच्या गिअरमध्ये, पाय दाबून, कुणाशी न बोलता, मागं न बघता. आला की सायलेन्सरला नवं धोतर. पाय दाबायचा. धोतर पांढरं. दुधासारखं नव्हे, पण मघाच्या काळ्यापुढं पांढरंच म्हणावं असं. नारळ फुटायचा आणि गाडी व्हॅनकडं जाऊन पास होऊन यायची.

हे सगळं अनुसया हाताची घडी घालून बघत होती. ती रामनगरच्या हायस्कुलात पोरांचा बिसिऊट, म्हणजे दुपारचं जेवण, रांधते. तिचा नवरा उमाजी शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याची अठरा वर्षांची डिझेल जीप ओळीत पाचवी होती.

ह्या जीपवर जांभळेवाड्याची शाळा चालते. वाड्यावरून हायस्कूल अकरा किलोमीटर, बस नाही, वाट रानातली. गेल्या पावसाळ्यात ह्याच वाटेवर अस्वलानं एका माणसाचा चेहरा फाडला. त्यामुळं दहा पोरं जीपमधून जातात. त्यातल्या पाच मुली. अनुसयेची प्रियांका आणि शेजारच्या गुणाची सोनाली दोघी दहावीला, आणि परीक्षा महिन्यावर आलेली. हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं, धुराचा दाखला नसेल तर गाडी शाळेच्या गेटात आणू नका.

आणि जीप दोनदा नापास झाली होती. पासष्टच्या आत आकडा पाहिजे, पहिल्यांदा आला अठ्ठ्याऐंशी. वासू मेस्त्रीनं नोझल साफ केले, पंप बघितला, आतला एअर फिल्टर नवा घातला. परत तपासली, चौऱ्याऐंशी. वासूनं डोकं खाजवलं. "गाडीचं वय झालं गा," म्हणाला. ज्या दिवशी मेस्त्री वयाला दोष देतो, त्या दिवशी गिऱ्हाईक भगताकडं जातं.

उमाजीची पाळी आली. शाल धरली, घंटा वाजली, मूठ होमात गेली, जीप घाट चढून आली. धोतर पांढरं. व्हॅनवाल्या श्वेतानं नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि वाचून दाखवलं, "बावन्न. पास."

उमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अप्पाच्या पायावर पडला. अप्पानं त्याला उठवलं, जीपकडं बोट केलं आणि आवाज उतरवला. पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच उतरवला.

"ह्या गाडीतनं वयात आलेल्या पोरी जातात?"

"व्हय अप्पा. शाळंला."

"महिन्याचे चार दिवस पाळत न्हाईत. बसतात तशाच. तो विटाळ सीटमधनं खाली उतरतो, इंजिनात जातो. मी आज काढला. परत बसवलास तर परत धूर. आन तवा माझ्याकडं येऊ नकोस."

"न्हाई बसवत," उमाजी म्हणाला.

त्यानं बायकोकडं बघितलंसुद्धा नाही. अप्पानं नवं प्राणवस्त्र दिलं. शेंदरी कापड, तुपात भिजवलेलं, नऊ गाठींनी बांधायचं. बॉनेटखाली इंजिनाची हवा ओढायची नळी असते, तिच्या तोंडावर. "गाडी जिथनं श्वास घेती तिथं," अप्पा म्हणाला. दर खंडेनवमीला तो अशी कापडं वाटायचा आणि रामनगरपासून जोयड्यापर्यंत एक जुनी गाडी त्यातून सुटली नव्हती.

घरी आल्यावर भांडण झालं.

"अवो, तुमची पोरगी हाय ती. पुढच्या म्हैन्यात पेपर हाईत."

"मग काय करू? गाडी बंद पडली तर धाच्या धा पोरं घरात बसतील. त्यापरास पाचच बसू देत."

"पाच म्हंजे पोरीच."

"मी ठरवलं काय ते? मशीननं सांगितलं. वासूनं एवढं उघडून चौऱ्याऐंशी, आन अप्पानं हात लावला तर बावन्न. तू सांग की मग, कसं झालं ते."

आकडा तिनं डोळ्यांनी बघितला होता. अप्पा खोटा आहे हे तिला पोटातून ठाऊक होतं, पण पोटातून ठाऊक असलेलं चारचौघांत मांडता येत नाही. तिला नवऱ्याचा आला नाही एवढा स्वतःचा राग आला.

सोमवारी जीपमधून पाच मुलगे गेले. अप्पानं नाव पोरींचं घेतलं होतं, म्हणून लग्न झालेल्या अनुसयेला सूट होती. ती मागच्या सीटवर एकटी बसली. प्रियांका दप्तर खांद्याला लावून दारात उभी राहिली.

मंगळवारी शाळेतला गॅस संपला. सिलिंडर यायला उशीर, म्हणून मागच्या पडवीत चूल पेटवली. वारा सुटला होता. हाताखालच्या केशरनं जाळ विझू नये म्हणून चुलीच्या तोंडाला पत्रा टेकवला आणि भात बघायला गेली. दोन मिनिटांत पडवी धुरानं भरली. काळा, दाट, डोळ्यात जाणारा धूर.

"काढ गो तो पत्रा," अनुसया खोकत ओरडली. "वारा मिळाला न्हाई तर लाकूड धुमसणार न्हाई तर काय करणार?"

केशरनं पत्रा काढला. जाळ उभा राहिला, धूर गेला. अनुसया पळी हातात धरून तशीच थांबली.

"काय झालं वैनी?"

"काय न्हाई. भात उतरव."

दुपारी पोरं जेवायला बसली तशी ती जीपकडं गेली. उमाजी झाडाखाली झोपला होता. तिनं बॉनेट उचललं. शेंदरी कापड नळीच्या तोंडावर गच्च बसलं होतं. तीनच दिवस झाले होते आणि त्याच्यावर लाल धूळ साखरेसारखी चिकटली होती. तिनं बोट लावलं. तूप. मागचं कापड, खंडेनवमीचं, तिला आता आठवलं. संक्रांतीला तिनं बघितलं होतं तेव्हा ते तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं कडक आणि काळं झालं होतं. आणि तेच शालीच्या आड सोडून अप्पानं होमात घातलं होतं.

ती चालत वासू मेस्त्रीच्या गॅरेजला गेली.

"वासूभावजी, खरं सांगा. आमची गाडी उघडली तवा नळीच्या तोंडावरचं कापड सोडलं होतं काय?"

वासू पाना पुसत राहिला. "देवाचं हाय ते, वैनी."

"सोडलं होतं काय?"

"उमाजी म्हटला हात लावू नको. मी बी म्हटलं, कशाला. नमस्कार करून बाजूचं सगळं उघडलं."

"आत नवा फिल्टर घातलासा. आन बाहेर तोंड बांधलेलं तसंच?"

वासूनं पाना खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला लाज म्हणतात. तीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस, पोराला शिकवताना रोज सांगणारा की हवा कमी पडली तर डिझेल अर्धं जळतं आणि काळा धूर येतो. त्याच माणसानं नाक बांधलेल्या गाडीची छाती, पोट, आतडी तपासली आणि नाकाला नमस्कार केला. इथल्या माणसाला बाकी सगळं कळतं, फक्त शेंदरी कापड मधे आलं की कळायचं बंद होतं.

"उमाजीला सांगतो मी," वासू म्हणाला.

"त्यास्नी सांगून काय व्हणार? म्हणतील, अप्पाची करणी. सगळ्यांसमोर करून दाखवायचं. शनिवारी या तुमी."

श्वेताला मात्र समजवावं लागलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, मी नळी मागं घालते, पुढं बॉनेट बघायचं माझं काम न्हाई. पण गाडी नापास झाली की लोक मला शिव्या देतात आन पास झाली की अप्पाला नारळ देतात. या तुम्ही. आकडा काय येईल तो मोठ्यानं वाचते."

शनिवार उजाडला. पार पुन्हा भरला, गाड्या परत सतराच. झिलूचा चिऱ्यांचा टेम्पो व्हॅनपाशी तपासायला उभा होता. श्वेतानं वाचलं, "एक्क्याण्णव. नापास." झिलूनं टेम्पो पाराकडं वळवायला घेतला तोच अनुसया समोर येऊन उभी राहिली.

"वैनी, सरका. माझी लाईन जाईल."

"झिलूभावजी, तुमच्या टेम्पोत कोण बसतं?"

"कोण बसणार? चिरे."

"वयात आलेले काय?"

चार-पाच माणसं हसली. झिलू पण हसला, आणि हसता हसता थांबला. अनुसयेनं तेवढ्यात बॉनेट उचललं. कापड काळं, कडक, नऊ गाठींचं. "सोडा हे," ती वासूला म्हणाली. वासूचा हात पुढं आला आणि मधेच थबकला.

"बरं," अनुसया म्हणाली, "माझ्यावर येऊ दे काय यायचं ते." तिनं नखांनी गाठी सोडल्या. आठवी सुटेना, दातानं सोडली. "घाट न्हाई, घंटा न्हाई, मंत्र न्हाई. श्वेता, परत बघ."

नळी आत गेली. झिलूनं पाय दाबला, सोडला, परत दाबला.

"अठ्ठावन्न," श्वेता म्हणाली. "पास."

लाडूअप्पा खाली उतरून आला. चालीत घाई नव्हती. असल्या माणसांची तयारी मोठी असते.

"माझ्या जाग्यात आला न्हवं टेम्पो? माझी शक्ती ह्या वळणापासनं त्या वळणापर्यंत हाय. बाईनं गाठ सोडली म्हंजे बाईनं केलं असं न्हाई."

"खरं हाय," मागून कोणीतरी म्हणालं. लोकांना हे लगेच पटलं. पटायला त्यांना काही लागतच नाही.

अनुसया नवऱ्याकडं वळली. "जीप आणा हिकडं."

"अनुसया, पास झालेली गाडी हाय ती. गप बस की."

"पास झालेलीच पायजे. आठ दिवसांत एक पोरगी बसलीया काय तुमच्या गाडीत?"

"न्हाई."

"अप्पांनी सांगितलेला नियम पाळलासा?"

"पाळला."

"मग भ्या कशाचं?"

उमाजीनं जीप आणली. आणली ती विश्वासानं नव्हे, माणसं बघत होती म्हणून. अनुसयेनं त्याच्या बॉनेटखालचं नवं कापड काढलं आणि त्या जागी झिलूच्या टेम्पोचं काळं कापड गच्च बांधलं.

"बघ आता."

उमाजीनं पाय दाबला. मागून काळा लोट निघाला आणि बघ्यांच्या धोतरांवर गेला.

"शहाऐंशी," श्वेता म्हणाली. "नापास."

"अप्पा," अनुसया म्हणाली, "तुमची शक्ती हिथवर हाय म्हटलासा. मग पास झालेली गाडी तुमच्याच जाग्यात नापास कशी झाली? पोरगी कुठं बसलीया ती दाखवा मला."

अप्पा म्हणाला, "कापड अशुद्ध हाय."

"अशुद्ध न्हाई, मळकं हाय. दिलं कुणी?" तिनं कापड सोडलं. "बघ परत."

"चौपन्न. पास."

आता वासू पुढं आला. त्याला मंगळवारपासून झोप नव्हती. "ऐका," तो म्हणाला, "मी सांगतो, आन माझी चूक पण सांगतो. इंजिनाला डिझेलसंगट हवा लागती. तोंड बांधलं की हवा कमी, डिझेल अर्धकच्चं जळतं, काळा धूर येतो. आता ते कापड कोरडं असतं तर धूळ थोडी धरलं असतं. तुपाचं हाय म्हणून सगळी धूळ धरतं. जुन्या जीपला हवा गाळाय ऑइलची वाटी असायची, ती ह्याच कारणासाठी. तेलकटाला धूळ चिकटती. खंडेनवमीला बांधलं की चार-पाच म्हैन्यांत धूळ-तुपाचं गच्च लुकण तयार. मग धूर, मग नापास, मग अप्पा. शालीआड तेच कापड काढायचं आन जाळायचं. वरनं घाट चढवायचा, म्हंजे इंजिन तापतं आन सायलेन्सरातली साठलेली काजळी रस्त्यावर झडती. पास झाली की नवं कापड. पुढच्या खेपेची तयारी."

"तुला काय कळतंय?" अप्पा म्हणाला.

"मला कळतंय तेवढं तुला बी कळतंय. मडगावच्या गॅरेजात नऊ वर्षं तू फिटर होतास. माझा मेव्हणा तुझ्या शेजारच्या खड्ड्यात काम करत होता. मला म्हाईत होतं आन मी गप बसलो, हे माझं पाप. इंजिनाचं न्हाई."

इथं गोष्ट संपायला हवी होती. लोकांनी कापडं सोडावीत, अप्पाला जाब विचारावा, घरी जावं. काही जणांनी बॉनेटं उघडलीही. पण अप्पा पारावर परत चढला, अनुसयेकडं बोट केलं आणि म्हणाला, "ह्या बाईच्या अंगात वाटदेव आलाय. मला तवाच कळलं होतं. देवानं स्वतःचं कापड स्वतः सोडलं."

आणि ओळीतला एक मेटाडोरवाला पुढं येऊन अनुसयेच्या पायाशी वाकला. "अव्वा, माझ्या गाडीला बी हात लावा."

अनुसयेला वाटलं, ह्याच्या डोक्यात बॉनेटच घालावं. "अरे, माझ्या हातात काय न्हाई. तुझ्या हातानं सोड. तुझ्या हातानं सोडलंस तरी धूर थांबतो, हेच तर सांगाय लागलोय सगळे सकाळपासनं."

"तुमी एकदा शिवा, मग सोडतो."

तिनं शिवलं नाही. तो सोडल्यावाचून अप्पाच्या ओळीत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं आणखी तिघे. सतरातले तेराजण कापड सोडून गेले हे खरं, पण त्या तेरांतल्या अर्ध्यांनी सोडण्याआधी हात जोडले आणि सोडलेलं कापड घडी करून खिशात ठेवलं. उमाजीनं मात्र आपलं कापड पुसायला घेतलं, ऑइल मोजायची डिपस्टिक पुसली आणि टाकून दिलं.

घराशी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सोमवारी सगळ्यास्नी तयार ऱ्हा म्हणून सांग."

सोमवारी सकाळी जीप वाड्यावर फिरली. प्रियांका पुढं बसली. तीन पोरी मागं चढल्या. गुणाच्या दारात उमाजीनं हॉर्न दिला. गुणा एकटाच बाहेर आला.

"सोनाली?" अनुसयेनं विचारलं.

"ती न्हाई आता. बुधवारीच घाटाखाली फोंड्याला पाठवली. एका घरात बारकं पोर सांभाळाय."

"दहावीत हाय ती, गुणाभावजी. गणितात वर्गात पयली."

"गाडीत घेत न्हाईत म्हटल्यावर घरात बसवून काय करू? अस्वलाच्या वाटंनं पाठवू? वरीसभराचा शब्द दिलाय त्यांना."

उमाजी जीपमधून उतरला. "गुणा, चूक माझी हाय. पोरांना सोडतो आन आजच घाट उतरूया. मी बोलतो त्या माणसांशी."

"बघूया," गुणा म्हणाला.

ह्या मुलखात ‘बघूया’ म्हणजे काय, ते अनुसयेला माहीत होतं. उमाजी तरी त्याच दुपारी एकटा फोंड्याला गेला. घरवाल्यांनी दारातूनच सांगितलं, बापाला घेऊन या. बाप अजून बघतोच आहे. परीक्षा चार दिवसांवर आली आहे.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, देव मानायचा की नाही तो तुमचा प्रश्न, त्यात कुणी पडत नाही. पण गाडी धूर सोडायला लागली तर आधी बॉनेट उघडा, जे बांधलंय ते सोडा, परत तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे काय कशानं झालं ते कळतं. त्याला डिग्री लागत नाही, चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ते जमलं. मेस्त्री असाल तर शेंदरी रंगापुढं आपली विद्या खिशात घालू नका. आणि यंत्रातल्या दोषाचं कारण कोणी पोरीच्या अंगात शोधायला लागला, तर त्याला पुरावा मागा, तिथल्या तिथं, चारचौघांत. घरी जाऊन विचार करू म्हणू नका. अनुसयेला पुरावा सापडायला आणि मागायला आठ दिवस लागले. सोनालीला घाट उतरवायला चारच पुरले.